मदत हवी आहे: कॉल सेंटरचं सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? लाईट गेली की फोन तुंबतात

इन्व्हर्टरवाली_म्हापसा
नमस्कार मंडळी, जरा पटकन सांगा, कॉल सेंटरसाठी सॉफ्टवेअर कुठलं चांगलं? एक्सोटेल, ओझोनटेल, नॉलरिटी, मायऑपरेटर, फ्रेशवर्क्स सगळ्यांच्या साईट बघून झाल्या, प्रत्येकजण म्हणतो आम्हीच एक नंबर. डेमोवाले रोज फोन करतात, एक म्हणतो एजंटमागे पैसे, दुसरा मिनिटामागे, तिसरा चॅनलमागे, ह्यातलं आपल्याला नक्की काय लागतं तेच कळेना. पावसाच्या आधी सुरू व्हायला पाहिजे. बजेट मोठं नाही. वापरणाऱ्यांनी फक्त नाव सांगा.

फोंड्याचा_वायरमन
फक्त नाव कसं सांगणार? दिवसाला किती फोन, उचलायला माणसं किती, आत्ता नंबर कुठला वापरता?

वेर्णा_नाईटशिफ्ट
मी बरीच वर्षं इंटरनॅशनल प्रोसेसला (परदेशातल्या गिऱ्हाइकांचे कॉल) होतो, जेनेसिस बघा डोळे झाकून, नाहीतर अमेझॉन कनेक्ट. रूटिंग, रिपोर्ट, क्वालिटी मॉनिटरिंग, वर्कफोर्स सगळं एकाच ठिकाणी मिळतं. स्किल बेस्ड रूटिंग, म्हणजे ज्याला जे जमतं त्याच्याकडेच तो कॉल, एकदा वापरलंत की परत साधी सिस्टीम नको वाटेल.

डिचोलीचा_दादा
ताई, सॉफ्टवेअर नंतर. आधी डीएनडीचं बघा, म्हणजे ज्यांना जाहिरातीचे फोन नको असतात त्यांची यादी. १९०९ वर ज्यांनी नोंद केलीय त्यांना फोन गेला तर तुमचा नंबर बंद होऊ शकतो. प्रमोशनच्या कॉलना १४० ची सिरीज लागते, आपल्या साध्या मोबाईलवरून करता येत नाहीत.

इन्व्हर्टरवाली_म्हापसा
दादा, मी कोणाला काही विकायला फोन करत नाही हो, लोकच मला करतात! आमचं इन्व्हर्टर-बॅटरी विक्री आणि सर्व्हिस, एएमसीची म्हणजे वार्षिक देखभालीची गिऱ्हाइकं बार्देस, पेडणे आणि थोडी तिसवाडीत. फोनवर ३ मुली, एक ०८३२ ची लँडलाईन आणि दोन मोबाईल. एरवी काहीच त्रास नाही. पण वारा-पाऊस झाला आणि शिवोली-आसगाव बाजूला लाईट गेली की सगळा गाव एकाच वेळी फोन करतो. लँडलाईन एंगेज, मुलीच्या दोन्ही कानांना दोन मोबाईल, आणि नावं लिहितेय चलनाच्या मागच्या बाजूला. एक म्हणतो तांबडी लाईट लागलीय, एक म्हणतो बीप बीप करतोय, तिसऱ्याच्या घरी ऑक्सिजन मशीनवर आजी आहे आणि नेमका त्याचा फोन लागत नाही. मला हा तिसरा फोन चुकायला नकोय, बाकी रिपोर्ट वगैरे नसले तरी चालतील.

फोंड्याचा_वायरमन
हे आधी सांगायचं ना बाय. म्हणजे तुमचं दुकान इनबाउंड, फोन बाहेरून आत येणारे, तेसुद्धा झुंडीने येणारं. आता लोक नीट सांगतील.

मुक्त_स्रोत_मडगाव
मग कोणाला महिन्याला पैसे द्यायचेच कशाला? अ‍ॅस्टरिस्क हे फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर १९९९ पासून आहे, फुकट आहे, त्याच्यावर फ्रीपीबीएक्स (ते चालवायचा स्क्रीन) टाका, एक जुना पीसी आणि एसआयपी ट्रंक (नेटवरून येणारी फोन लाईन), झालं. क्यू (कॉलची रांग), आयव्हीआर (अमुकसाठी १ दाबा वाला मेसेज), रेकॉर्डिंग सगळं मिळतं. मी स्वतः ४ दुकानांना बसवून दिलंय, सॉफ्टवेअरचं एकाचंही महिन्याचं बिल नाही.

वेर्णा_नाईटशिफ्ट
आणि तो पीसी जुलैच्या मध्यरात्री बंद पडला तर तुम्ही मडगावहून म्हापशाला येणार?

मुक्त_स्रोत_मडगाव
आलोय याआधी. आणि क्लाऊडवाल्यांची सिस्टीम बंद पडली तर तुम्ही काय करता? तिकीट टाकून बसता.

केबल_पर्वरी
दोघांनी जरा दम घ्या. फ्रीपीबीएक्स वाईट नाही पण कॉल जोडणारा ५०६० पोर्ट बाहेर उघडा ठेवला आणि एक्स्टेन्शनचा (आतल्या फोन नंबरचा) पासवर्ड १०१ साठी १०१ असा असला की रातोरात कोणीतरी परदेशात कॉल मारून बिल तुमच्या नावावर चढवतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. घरात नेटवर्किंग कळणारा माणूस असेल तरच घ्या. ताईंचा मुख्य प्रश्न वेगळाच आहे. गावाची लाईट जाते तेव्हा त्यांच्या ऑफिसचीसुद्धा जाते का?

इन्व्हर्टरवाली_म्हापसा
ऑफिस इन्व्हर्टरवरच चालतं, आमचाच धंदा तो. पण नेट जातं. फायबरवाल्याची पेटी समोरच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली आहे, तिला बॅकअप नाही. राउटरचा दिवा तांबडा होतो तो लाईट येईपर्यंत तसाच.

केबल_पर्वरी
बघा, इथेच तुमची अर्धी निवड होते. ह्या सिस्टीम दोन तऱ्हेने चालतात. एकात मुली हेडफोन लावून ब्राउझरमधून बोलतात, तिथे नेट गेलं की सगळं ठप्प. दुसऱ्यात क्लाऊडवर कॉल येतो आणि तिथून मुलीच्या साध्या मोबाईलवर डायल होतो, तिथे ऑफिसचं नेट मेलं तरी टॉवर चालू असेपर्यंत कॉल येणार. तुम्हाला दुसरी पद्धत पाहिजे, आणि तिन्ही मुलींची सिम एकाच कंपनीची नको. डेमोवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा, नेट नसेल तर एजंटचा फोन वाजतो का. आणि नेटचा स्पीड वाढवून घ्या असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, एका कॉलला साधारण १०० केबीपीएस पुरतात, त्रास होतो तो पॅकेट लॉस (आवाजाचे तुकडे वाटेत गळणं) आणि जिटरमुळे (ते मागेपुढे पोचणं).

आकडेमोड_ताळगाव
मी एक हिशेब मांडतो, एर्लांगचा. डेन्मार्कचा एर्लांग, टेलिफोन एक्स्चेंजसाठी त्याने १९१७ मध्ये सूत्र दिलं, कॉल सेंटरवाले आजही तेच वापरतात. समजा लाईट गेल्यावर तासाला ६० फोन आले आणि प्रत्येकाशी ४ मिनिटं बोललात. म्हणजे २४० मिनिटांचं काम एका तासात, म्हणजे ४ माणसं सलग बोलत राहिली तरच काम फक्त बरोबरीला येतं, आणि रांग हटत नाही. ६ माणसं बसवली तर साधारण ७५ टक्के फोन २० सेकंदांत उचलले जातात, ७ बसवली तर ९० च्या आसपास. तुमच्याकडे ३ आहेत. कुठलंही सॉफ्टवेअर घेतलंत तरी तीनाची सहा होणार नाहीत. म्हणून जे फोन उचलले जाणारच नाहीत त्यांचं ही सिस्टीम काय करते हे बघून घ्या, उचललेल्या फोनचे रंगीत रिपोर्ट सगळेच दाखवतात.

फोंड्याचा_वायरमन
एकदम बरोबर. आणि बीपवाले बरेचसे फोन बोलण्याआधीच सुटतात. आयव्हीआरमध्ये पहिल्यांदा सांगा, बीप वाजत असेल तर बॅटरी उतरली किंवा लोड जास्त झाला, एसी, मिक्सर, गिझर बंद करून रिसेटचं बटण दाबा. घरी रुग्ण असेल तर १ दाबा. १ दाबणारा सरळ तुमच्या मोबाईलवर, रांगेत नाही. बाकीच्यांना कॉलबॅक, म्हणजे मागाहून आपण फोन करायचा, नंबर आपोआप यादीत.

इन्व्हर्टरवाली_म्हापसा
१ दाबा हे छान. हे सगळ्यांकडे असतं का?

केबल_पर्वरी
नावं घेतलीत त्या सगळ्यांच्या आयव्हीआरमध्ये बटणावरून वेगळीकडे वळवता येतं. कॉलबॅकची यादी मात्र कुठल्या प्लॅनमध्ये येते ते लेखी घ्या. आणि एकाच वेळी किती कॉल आत येऊ शकतात, म्हणजे चॅनल किती, तेही. ३ मुलींना ३ चॅनल दिले तर चौथ्याला आयव्हीआरसुद्धा ऐकू येणार नाही, परत एंगेजच.

पेडण्याची_बाय
आयव्हीआर मराठीत ठेवा हां, आमच्याकडे म्हातारी माणसं इंग्लिश ऐकली की फोन ठेवतात.

सासष्टीकार
कोंकणी पयलीं. गोंयांत धंदो करतात मगे?

पेडण्याची_बाय
बार्देस-पेडण्यातली गिऱ्हाइकं आहेत त्यांची, मराठी सगळ्यांना कळतं.

डिचोलीचा_दादा
राजभाषा कायद्यात कोंकणी अधिकृत भाषा आहे आणि मराठीच्या वापराची तरतूदही आहे, १९८७ पासून. दोन्ही ठेवायला काय हरकत?

धागा_सांभाळणारा
भाषेचा विषय इथे थांबवा, त्यासाठी वेगळा धागा आहे. ताईंनी दोन्हीत रेकॉर्ड करावं, मेसेज मात्र छोटा ठेवावा. माणूस काळोखात उभा असतो.

विहीर_कोलवाळ
एक विचारू का, बॅटरीत विहिरीचं पाणी घातलं तर चालतं का? आमच्या विहिरीचं पाणी एकदम गोड आहे.

इन्व्हर्टरवाली_म्हापसा
अजिबात नको. गोड असलं तरी त्यात क्षार असतात, ते प्लेटा खातात. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, खुणेच्या वर नको. आणि मंडळी, आमची ०८३२ ची लँडलाईन जुनी आहे, दुकानाच्या पाटीवर, बॅटरीवरच्या स्टिकरवर, सगळीकडे तोच नंबर. तो ह्या सिस्टीमवर पोर्ट करता येईल का? एका डेमोवाल्याने हो म्हटलंय.

केबल_पर्वरी
लेखी मागा त्याच्याकडे. आपल्याकडे नंबर पोर्टेबिलिटी मोबाईलला आहे, लँडलाईनला नाही. तुम्ही तो नंबर तसाच ठेवा आणि त्यावरचे कॉल नवीन नंबरवर फॉरवर्ड करा. पण एका वेळी किती कॉल फॉरवर्ड होतात ते लँडलाईनवाल्यांना विचारा, एकच होत असेल तर फॉरवर्ड करूनही एंगेजच लागेल. मोबाईलचं फॉरवर्डिंग *४०१# ने करत असाल तर ते १५ एप्रिल २०२४ पासून बंद झालंय, फोनच्या सेटिंगमधून करावं लागेल.

मुक्त_स्रोत_मडगाव
म्हणूनच म्हणतो, नंबर आपल्या नावावर पाहिजे. क्लाऊडवाल्याने दिलेला नंबर भाड्याचा. सोडून गेलात की नंबर त्याच्याकडे, स्टिकर तुमच्या बॅटरीवर.

वेर्णा_नाईटशिफ्ट
हे मात्र पटलं तुमचं. करारात लिहून घ्या, सोडल्यावर नंबरचं काय आणि रेकॉर्डिंग किती दिवस ठेवणार. आणि ताईंचं काम वाचल्यावर जेनेसिस मी मागे घेतो, ते ह्यांना फार मोठं होईल.

आकडेमोड_ताळगाव
सुटलेल्या कॉलला आपोआप एसएमएस पाठवायचा असेल तर डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांचं नोंदणी पोर्टल) कंपनी, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा टेम्प्लेट नोंदवावा लागतो, ट्रायच्या टीसीसीसीपीआर २०१८ ह्या धंद्याच्या कॉल-मेसेजच्या नियमांनी. त्याला वेळ जातो, आजच सुरू करा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस प्लॅटफॉर्म घेतलात तर गिऱ्हाइकाने आधी मेसेज केल्यावर २४ तास साध्या उत्तरांना पैसे नाहीत, तुम्ही आपणहून टेम्प्लेट पाठवला तर १ जुलै २०२५ पासून मेसेजमागे पैसे. त्यामुळे स्टिकरवर व्हॉट्सअ‍ॅप नंबर छापा, लोक तांबड्या दिव्याचा फोटोच पाठवतील.

फोंड्याचा_वायरमन
आणि ट्रायल घ्याल तेव्हा ऑफिसच्या राउटरचा प्लग काढून ठेवा, मग दहा जणांना एकदम फोन लावायला सांगा. डेमोवाल्यासमोर.

इन्व्हर्टरवाली_म्हापसा
हे करतेच. मोबाईलवर कॉल देणाऱ्या दोघांकडून ट्रायल मागितलीय, चॅनल, कॉलबॅक यादी, नंबर आणि रेकॉर्डिंग ह्या चारही गोष्टी मेलवर लेखी मागितल्यात. पोर्ट होईल म्हणणाऱ्याने अजून उत्तर दिलेलं नाही, त्याला सोडला. डीएलटीचं सीएला सांगितलं. शनिवारी संध्याकाळी ६ ला प्लग काढते. नंबर मेसेजमध्ये पाठवीन, इथल्या कोणाकोणाला त्या वेळी फोन लावायला जमेल? निदान दहा जण पाहिजेत, आणि एकाने १ दाबायचं.

पेडण्याची_बाय
मी आहे.

सासष्टीकार
हांवूंय लायतां.

विहीर_कोलवाळ
माझ्याकडे दोन सिम आहेत, दोन्हीवरून लावतो. १ मी दाबू का?