मदत हवी आहे : आई-बाबांसह न्यूरेंबर्गचा ख्रिसमस बाजार
सप्रेम नमस्कार. पुण्याहून येणाऱ्या आई-बाबांना डिसेंबरमध्ये जर्मनीतील न्यूरेंबर्गला नेण्याचा विचार आहे. फ्राउएनकिर्शे चर्चसमोरच्या हाउप्टमार्क्ट चौकात लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छपरांखाली भरणारा बाजार २४ तारखेला दुपारीच आवरतो आणि २५, २६ रोजी दुकानेही बंद असतात, त्यामुळे त्याआधीच पोहोचणे भाग आहे. चौकापासून किल्ल्यापर्यंतचा फरसबंदी चढ बाबांच्या गुडघ्यांना झेपेल का, आणि संध्याकाळची गर्दी टाळून दुपारी गेल्यास दिव्यांची शोभा हुकेल का? आई अंडेही खात नाही, म्हणजे तिथली प्रसिद्ध, एका पावात तीन घालून मिळणारी छोटी सॉसेजेस बाद आणि अंड्याच्या पांढऱ्याचे एलिझेनलेबकुखेनही (तिथली सुक्या मेव्याची मसालेदार गोड बिस्किटे) बाद (माझी मात्र चंगळ!). तिला पोटभरीचे असे तिथे काय मिळेल, हे जाणकारांनी कृपया कळवावे.