मदत हवी आहे: मोडी कागद आणि हेळव्यांची चोपडी

नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. आजोबांच्या ट्रंकेत जमिनीचे आणि देण्याघेण्याचे मोडी कागद सापडलेत. हात न उचलता लिहिलेली सलग ओळ, शब्द कुठं तुटतो तेच कळत नाही. घड्या पडल्यात तिथली शाई उडालीय, आणि इकडचा पाऊस तर तुम्हाला माहीतच आहे. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडं मोडी वाचणारं कुणी आहे का? योग्य मानधन देऊ. लॅमिनेशन मात्र सुचवू नका, त्यात कागद कायमचा अडकतो.

दुसरं जास्त महत्त्वाचं. सुगीनंतर हेळवी, म्हणजे घराण्यांची वंशावळ सांगणारे, यायचे, दारात बसून पणजोबांच्या आधीच्या पिढ्या घडाघडा म्हणायचे, नवीन बाळाचं नाव चोपडीत चढवायचे आणि धान्य घेऊन जायचे. आता ते येत नाहीत. आमच्या भागातल्या मराठा घरांची चोपडी कोणत्या हेळवी घराण्याकडं आहे, ते कुठल्या गावी राहतात? त्यांची नोंद कन्नडमध्ये असली तरी चालेल, आम्ही वाचतो.

१९५६ ला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याआधीचे जमिनीचे जुने उतारे कुणी मिळवले असतील तर अर्ज कुठं नि कसा केला तेही सांगा.

आज्जीला सगळी नाती अजून तोंडपाठ आहेत. तिचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करतोय. तिला काय काय विचारून घ्यावं, तेही सुचवा.