मदत हवी आहे: कोल्हापुरात एएची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंग कुठं भरते?

उद्यमनगर_७:
नेटवर एक पत्ता मिळाला म्हणून काल गेलो, तर गेटला कुलूप. वॉचमन म्हणाला, असलं काही इथं भरत नाही. त्याला परत विचारायची हिंमत झाली नाही. शाहूपुरी, राजारामपुरी, बावडा, कुठंही चालेल. रविवारच्या आत पाहिजे. फक्त पत्ता सांगा, उपदेश नको.

गंगावेशची_ताई:
कुणासाठी पाहिजे? वय काय, किती वर्षं पितात, स्वतःहून यायला तयार आहेत का? माझ्या भावाला गडहिंग्लजहून तीनदा बोलावला. तिन्ही वेळा सीबीएस स्टँडला उतरला आणि माघारीच्या गाडीत बसला.

दूधकट्टा:
पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. दुसरा विचारच करू नका. १९८६ सालापासून चालू आहे, अवचट पती-पत्नींनी उभं केलेलं. माझा मेहुणा तिथं राहून आला, सहा वर्षं झाली, थेंब नाही. सोबत काय न्यायचं, भेटायला कधी सोडतात, सगळं सांगतो.

उद्यमनगर_७:
पुण्याला जाऊन राहिलो तर काम जाईल. पत्ता विचारलाय मी.

गंगावेशची_ताई:
म्हणजे तुमच्या स्वतःसाठीच आहे होय. मग चांगलं आहे, दादा. विचारलंत हेच मोठं.

वारकरी_बावडा:
माळ घाला. माझ्या वडिलांनी पंढरपुरात तुळशीची माळ घातली त्या दिवसापासून गुत्त्याची पायरी चढले नाहीत. मीटिंगा कशाला पाहिजेत?

गंगावेशची_ताई:
वारकरीदादा, माळेला नाव ठेवत नाही. पण माझ्या भावानं माळ काढून खुंटीला अडकवली आणि गेला प्यायला. नंतर देवाला तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून आणखी प्यायला. माळ घातलेल्याला सोबत कोण होतं, ते बघा.

कळंबा_रोड:
एक गोळी येते, घरच्यांनी भाजीत कालवून द्यायची. माणसाला कळतसुद्धा नाही. पाहिजे तर निरोप पाठवा.

निवृत्त_सिस्टर:
कळंबा रोड, हे कुणाला सांगू नका. ती गोळी पोटात असताना दारू प्यायली तर उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी कोसळतं. माणूस दगावूही शकतो. ती डॉक्टरांनी, पेशंटला सांगूनच द्यायची असते.
उद्यमनगर, शेवटचं कधी प्यायलात? आणि रोजची किती?

उद्यमनगर_७:
परवा रात्री. रोज दोन क्वार्टर, अकरा वर्षं. एकदम बंद केली. हात थरथरतात, घाम फुटतो, रात्री डोळ्याला डोळा नाही. पहाटे भिंतीवर मुंग्या दिसल्या, बायको म्हणते मुंग्या नव्हत्याच. पण ते होतंच असं ऐकलंय. मीटिंगचं सांगा.

निवृत्त_सिस्टर:
मीटिंग नंतर. आत्ता सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात जा, बायकोला सोबत घेऊन. स्वतः गाडी चालवू नका, सोय नसेल तर ॲम्ब्युलन्ससाठी १०८ ला फोन करा. इतक्या वर्षांची दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस भ्रमात जातो. मुंग्या त्याचीच खूण असू शकते. डॉक्टर काही दिवस गोळ्या कमी कमी करत देतात, बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. घरी कुणाकडून ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका, बी-१ आधी लागतं. रोज पिता हे तिथं स्पष्ट सांगा, लपवू नका.

दूधकट्टा:
मुळात दुकानंच बंद पाहिजेत. बायकांनी मतदान करून बाटली आडवी करायची सोय आहे आपल्याकडं, पण गल्लीत पुढाकार घेतंय कोण?

गंगावेशची_ताई:
ते वेगळ्या धाग्यावर बोलू. उद्यमनगर, निघालात का?

आजचा_दिवस:
मी एएत आहे. एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघं पिणारे, १९३५ साली अमेरिकेत एकमेकांशी बोलत बसले, त्यातून हे सुरू झालं. फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. बोललंच पाहिजे असं नाही, मी पहिले दोन महिने नुसता ऐकत होतो. कुणी ओळखीचं भेटेल ही भीती मलाही होती. जो भेटला तोही त्याच कारणानं आलेला होता.
खोल्या मागून घेतलेल्या असतात, शाळेत परीक्षा लागली की जागा बदलते, म्हणून नेटवरचा पत्ता जुना निघतो. १४४४६ ही नशामुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, पण आपल्या ग्रुपचा चालू पत्ता मीच निरोपात पाठवतो. रोज संध्याकाळी साडेसातला.

उद्यमनगर_७: (आठ दिवसांनी)
पाच दिवस दवाखान्यात होतो. सिस्टर, तुम्ही विचारलं नसतं तर मी घरीच पडून राहिलो असतो. आता संध्याकाळची अडचण आहे, माझी सेकंड शिफ्ट, तीन ते अकरा. हे आधी लिहायला पाहिजे होतं.

आजचा_दिवस:
शिफ्ट आठवड्याला बदलते ना? तोवर ऑनलाइन मराठी मीटिंगा आहेत, लिंक पाठवली. रविवारी सकाळी या, मी बाहेर उभा असतो. वहिनींसाठी अल-अनॉन आहे, पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी. त्यांनाही बोलायला माणूस लागतं.

उद्यमनगर_७: (रविवार)
जाऊन आलो. नाव सांगितलं आणि पुढं बोलताच आलं नाही. कुणी काही विचारलं नाही, चहा दिला. गुरुवारी परत बोलावलंय.

गंगावेशची_ताई:
दादा, भावाला परत बोलावू का? आमचं कुणाचंच ऐकत नाही तो.

उद्यमनगर_७:
बोलवा, ताई. गडहिंग्लजची गाडी किती वाजता लागते ते कळवा. स्टँडवर मी येऊन थांबतो.