व्यस्त विद्यार्थ्याने कोणता पक्षी पाळावा?

प्रश्न: दिवसभर महाविद्यालयात आणि संध्याकाळी अभ्यासिकेत असणाऱ्या विद्यार्थ्याला कोणता पक्षी नीट सांभाळता येईल?

उत्तर १: झेब्रा फिंच या चिमणीसारख्या छोट्या पक्ष्याची जोडी घ्यावी, कारण हे पक्षी माणसाच्या हाताळणीपेक्षा एकमेकांच्या सहवासात अधिक रमतात, मात्र ते आडवे उडत असल्याने पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा असावा. एकटा फिंच कृपया ठेवू नये.

उत्तर २: सहमत. कॉकॅटिएल हा तुरेवाला छोटा पोपट मायाळू असला, तरी त्याला रोज पिंजऱ्याबाहेर वेळ द्यावा लागतो आणि तो १५ ते २० वर्षे जगू शकतो, म्हणजे शिक्षण, नोकरी आणि स्थलांतर या सगळ्यांत त्याची जबाबदारी आपल्यावरच राहते.

उत्तर ३: रात्री जागून अभ्यास करत असाल, तर पिंजरा दुसऱ्या खोलीत ठेवा, पक्ष्यांना सुमारे १० ते १२ तास अंधार आणि शांतता लागते.