मदत हवी आहे: फुल मॅरेथॉनमध्ये लक्ष्य नेमकं कधी बदलावं?

जानेवारीतल्या मुंबई फुलची (४२.२ किमी) तयारी चालू आहे. हाफ (२१.१ किमी) १ तास ५८ मिनिटांत होते. हाफच्या वेळेवरून फुलचा अंदाज काढायच्या सूत्राने फुल ४:०६ च्या आसपास येते, पण ते गणित थंड हवेचं आणि सपाट रस्त्याचं. इथे परतताना ऊन चढतं आणि पेडर रोडची चढण नेमकी पाय संपल्यावर येते.

म्हणून दोन लक्ष्यं ठरवली आहेत: ४:१५ (किमीला साधारण ६:०३ मिनिटं) आणि ते नाही जमलं तर ४:३० (६:२४). कागदावर छान दिसतं! पण सरावाच्या लाँग रनमध्ये (लांब धावेत) २८ किमीनंतर पहिला आकडा निसटला की दुसरा डोक्यातून पुसलाच जातो, आणि चालणं सुरू होतं.

करून पाहिलंय: पहिले १० किमी किमीमागे १० सेकंद सावकाश, दर ४० मिनिटांनी एनर्जी जेल, मिठाचं पाणी, ‘अजून १४ किमी’ऐवजी फक्त पुढच्या पाण्याच्या टेबलापर्यंतचा विचार. पोट ठीक, दुखापत नाही. आठवड्याला ५० किमीच्या वर नोकरीमुळे जाता येत नाही, त्यामुळे ‘मायलेज वाढवा’ सोडून सांगा.

४:१५ सोडून ४:३० धरायचं ते कितव्या किमीला आणि कशावरून: पेस (किमीला लागणारा वेळ), हार्ट रेट की श्वास? आणि पेडर रोडसाठी किमीमागे किती सेकंद आधीच सोडून ठेवता?