पीवायपी शाळेत नवीन प्रिन्सिपलने सुरुवात कुठून करावी? (नाशिक)

गोदाकाठ_५
नमस्कार. गंगापूर रोडकडच्या एका पीवायपी (आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डाचा प्राथमिक अभ्यासक्रम) शाळेत जूनपासून प्रिन्सिपल म्हणून रुजू होतोय. नर्सरी ते पाचवी, प्रत्येकी दोन तुकड्या. बहुतेक शिक्षक एसएससी आणि सीबीएसई शाळांतून आलेले. आयबीचं पाच वर्षांनी होणारं इव्हॅल्युएशन दोन वर्षांवर आलंय. प्लॅनर (शिक्षकांनी लिहायची शिकवण्याची आखणी) नीट भरलेले दिसतात, वर्गात मात्र फळा आणि वही. पालकांचा प्रश्न एकच, "टक्के किती?" आधी काय हातात घ्यावं?

वेळापत्रकवाला
आधी वेळापत्रक. ते कोऑर्डिनेटरवर सोडू नका. एका इयत्तेच्या दोन्ही शिक्षकांना आठवड्यात सलग ८० मिनिटं, म्हणजे ४० मिनिटांचे दोन तास, एकत्र मोकळी मिळालीच पाहिजेत. त्यासाठी अ तुकडीला पीई, त्याच तासाला ब तुकडीला आर्ट, पुढच्या तासाला अदलाबदल. तुमच्या आठ इयत्तांसाठी पीई आणि आर्टच्या शिक्षकाचे प्रत्येकी १६ तास लागतात, म्हणजे ४० तासांच्या आठवड्यात सहज बसतं.

बिघडतं ते प्रॉक्सीमुळे, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर दुसऱ्याला पाठवण्यामुळे. कोणी रजेवर गेलं की पहिला बळी हाच तास. मग प्लॅनर शुक्रवारी घाईत, मागच्या वर्षीचा उतरवून भरला जातो. तुम्ही म्हणता ते "नीट भरलेले प्लॅनर" बहुधा असेच तयार होतात. दोन जादा शिक्षक फक्त प्रॉक्सीसाठी ठेवा. मॅनेजमेंटकडे भांडायचं असेल तर याच खर्चासाठी भांडा. मीटिंगची पहिली वीस मिनिटं मुलांचं काम टेबलावर ठेवून बोला, प्लॅनर नंतर उघडा.

सहा_युनिट
वरची मांडणी चांगली आहे, पण तिच्यात एक भोक आहे: पीई, आर्टचे शिक्षक त्या वेळी वर्गावर असतात, म्हणजे ते प्लॅनिंगला कधीच येत नाहीत. प्रत्येक युनिट (एका सूत्रावरचा काही आठवड्यांचा अभ्यास) सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात एक बैठक शाळा सुटल्यावर घ्या, त्यांच्यासह. पहिलीपासून वर्षाला सहा युनिट, म्हणजे सहाच बैठका. नर्सरी आणि केजीला किमान चार युनिट चालतात. तिथे सहाचा हट्ट धरू नका, लहान मुलांची दमछाक होते.

रोज चार वर्गांत दहा-दहा मिनिटं जाऊन बसा. १६ तुकड्या चार दिवसांत होतात, पाचवा दिवस राहून गेलेल्यांसाठी. एकच गोष्ट टिपा: प्रश्न कोण विचारतंय? त्याच दिवशी शिक्षकाशी दोन मिनिटं बोला. ही नोंद अप्रेझलच्या फाइलमध्ये कधीही जाऊ देऊ नका. गेली, की तुम्ही दारात दिसताच शिक्षक ठरवलेला पाठ सुरू करतील आणि खरा वर्ग तुम्हाला पुन्हा दिसणार नाही.

इंदिरानगर_पालकसभा
पालकांना रूब्रिक (कामाची पातळी ठरवायचा निकषांचा तक्ता) व्हॉट्सअॅपवर पाठवून उपयोग नाही. जुलैत एका शनिवारी ९० मिनिटांचा वर्ग घ्या: एकाच मुलाचं मागच्या शैक्षणिक वर्षातलं जूनचं आणि मार्चचं लेखन, नाव झाकून, पालकांच्या हातात द्या आणि ते रूब्रिकवर कुठल्या पातळीला बसतं हे त्यांनाच ठरवायला सांगा. टक्क्यांचा प्रश्न तिथे बराच निवळतो.

कायद्याचं आत्ताच बघून ठेवा. राज्याच्या २०११ च्या शुल्क कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष तुम्हीच असता, आणि प्रस्तावित फी नवं वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी समितीपुढे ठेवावी लागते. २०२० च्या कायद्याने मराठी सक्तीची आहे, बोर्ड कुठलंही असो. मराठीच्या शिक्षिकेला कोपऱ्यात ठेवू नका. द्राक्षं बागेपासून बाजारापर्यंत कशी जातात यावरचं युनिट जानेवारी-फेब्रुवारीत ठेवलं तर दिंडोरीच्या बागाईतदारांच्या मुलाखती मुलं मराठीतच घेतील.

गोदाकाठ_५
प्रॉक्सीच्या दोन जागा उद्याच्या मीटिंगमध्ये मांडतो. पाचवीचं एक्झिबिशन (पीवायपीच्या शेवटच्या वर्षी मुलांनी गटाने करून मांडायचा प्रकल्प) कुठल्या महिन्यात ठेवावं?

सहा_युनिट
फेब्रुवारीअखेर. तयारीला सात-आठ आठवडे धरा, म्हणजे नाताळच्या सुट्टीनंतर लगेच सुरुवात. प्रत्येक गटाला एक मेंटर, आणि तो होमरूम शिक्षक (वर्गशिक्षक) नसावा. ऑफिस, लायब्ररीतली माणसंही घ्या. २०२७ चं कॅलेंडर करताना मात्र ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची स्नानं आहेत. पंचवटीकडून येणाऱ्या बसचे मार्ग आधीच ठरवा आणि त्या आठवड्यांत शाळेबाहेरची एकही भेट ठेवू नका.