सराफी पेढीशी जडलेल्या आठवणी

पु. ना. गाडगीळांची पेढी सांगलीत १८३२ साली निघाली आणि १९५८ मध्ये पुण्यात आली; वामन हरी पेठ्यांचे मुंबईतले दुकान १९०९ चे. अशा नामांकित पेढ्यांचा इतिहास वाचायला मिळतो, परंतु तालुक्याच्या पेठेत तीन-चार पिढ्या गादी चालवणाऱ्या सराफांचा इतिहास त्यांच्या चोपड्यांत आणि गिऱ्हाइकांच्या आठवणींतच राहतो. गादीच्या अलीकडचा असो वा पलीकडचा, आपला अनुभव येथे सविस्तर लिहावा. वेगवेगळ्या वाचकांनी लिहिलेले काही अनुभव पुढे दिले आहेत.

*

आमची पेढी पणजोबांची. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले आणि चौदा कॅरटहून अधिक कसाचा नवा दागिना घडवण्यास बंदी झाली. आजोबा सांगत, की बावीस कॅरटच्या मऊ सोन्यावर हात बसलेल्या कारागिरांना हे कडक सोने ठोकताना घाम फुटे, आणि लग्नाच्या खरेदीला आलेली माणसे चौदाचे नाव ऐकताच उंबऱ्यावरून मागे फिरत. सहापैकी चार कारागीर वर्षभरात गेले. पेढी तगली ती चांदीच्या ताटवाट्यांवर. चौदा कॅरटची अट १९६६ मध्ये सुटली, तरी १९६८ च्या कायद्याने परवाने आणि तपासण्या मागे लावल्या, त्या १९९० मध्ये तो रद्द होईपर्यंत चालल्या. तपासनीसाच्या धाकाने आजोबांनी गुंजभर सोन्याचीही नोंद ठेवली. त्या काळाला घरात कोणी चांगले म्हणत नाही, पण आमच्याकडे आज जो काही लेखी इतिहास आहे, तो त्या धाकाचाच.

*

माझे आजोबा झारेकरी होते. सराफकट्ट्यावरच्या दुकानांपुढचा केर आणि गटारातला गाळ पाटीत धुऊन ते सोन्याचे कण काढत. पेढीचे मालक त्यांना हटकत नसत, मात्र दुकानातला केर फुकट देतही नसत. त्याचा वर्षाचा सौदा ठरलेला असे.

*

आजीच्या पाटल्या मोडायला मी गेले, तेव्हा सोबत १९५४ ची पावती होती : पाच तोळे, तीन मासे, चार गुंजा. गादीवरच्या काकांनी तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा आणि तोळ्याला ११.६६४ ग्रॅम धरून हिशेब मांडला, तो ६१.७२२ भरला; काट्यावर पाटल्या ६१.४८० आल्या. ‘‘साठ वर्षांत दोन गुंजा झीज, म्हणजे आजींनी रोज घातल्या,’’ असे म्हणून त्यांनी आतल्या बाजूचा ठसा भिंगातून पाहिला. तो त्यांच्या वडिलांच्या काळातला निघाला आणि कसोटीच्या दगडावर न घासताच त्यांनी भाव केला. पाटल्या मात्र मी मोडल्या नाहीत.

*

सगळ्याच जुन्या पेढ्या अशा नसतात, हेही लिहिले पाहिजे. आमच्या गावातल्या एका पिढीजात सराफाकडे आईने बोरमाळ घेतली. पोकळ मण्यांत लाख भरतात हे सर्वांना ठाऊक असते; घेताना ती लाख सोन्याच्या भावाने तोलली गेली आणि विकताना त्याच पेढीने तिचे वजन वजा केले. कसोटीवर उमटते ती वरच्या पत्र्याची रेघ. आत काय आहे, ते दगड सांगत नाही. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, त्यामुळे आता कसाची खात्री तरी मिळते. मी तर लाखेचे वजन पावतीवर वेगळे लिहून घेतल्याशिवाय दागिना उचलत नाही, आणि त्यावर पेढीवाले रुसले तर रुसू देते.